अडवणुकीच्या वहीतली सही

"मॅडम, हा कागद आधी वाचा आणि मग मला सांगा, माझी गाडी तुम्ही कोणत्या कायद्यानं अडवली," कुचनकर गुरुजी म्हणाले आणि त्यांनी प्लास्टिकच्या फाइलमधून टाचलेली आठ-दहा पानं काढून माझ्या टेबलावर ठेवली.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला कसं थोपवायचं हे नाक्यावरच्या दहा महिन्यांत मी थोडंफार शिकले होते. पण गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरीला विचारावं तसं ते शांतपणे विचारत होते.

खिडकीतून ट्रक दिसत होता. वरपर्यंत कापूस भरलेला, ताडपत्री ताणून बांधलेली, तेलंगणाची नंबरप्लेट. सीमा तिथून अकरा किलोमीटर. गुरुजी आणि त्यांच्या गावच्या चौदा शेतकऱ्यांनी मिळून तिकडच्या एका जिनिंगवाल्याला कापूस थेट गावातूनच विकला होता. बाजार समितीच्या यार्डात तो आलाच नव्हता. आता तो सीमेकडे निघाला होता आणि वाटेत माझा नाका होता.

नाका म्हणजे काय, तर रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची खोली आणि रस्त्यावर आडवा एक लांब बांबू. बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोर. दोर ओढला की बांबू खाली, सोडला की वर. दोर ओढायचं काम चौकीदार जंगूभाऊ टेकामांचं. सेसची, म्हणजे समितीच्या कराची, पावती फाडायचं माझं. माझ्या आधी तिथं माझे वडील बसायचे. ते नोकरीतच गेले आणि मला अनुकंपावर त्यांची खुर्ची मिळाली. वर्षभर काम बघणार, मग सचिवांनी सही केली की कायम. त्या सहीला दोन महिने उरले होते. घरी आई आणि मी, दोघीच. आईनं दिवस मोजायचं कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलं होतं.

त्या वर्षी दिल्लीनं कायदा केला होता. बाजार समितीच्या आवाराबाहेर कुणीही कुणालाही शेतमाल विकावा, समितीनं त्यावर सेस घेऊ नये आणि मध्ये पडू नये. मुंबईनं सांगितलं, आमच्या राज्यात हा कायदा आम्ही राबवणार नाही, जुनीच पद्धत चालू ठेवा. गाडी अडवली तर दिल्लीचा गुन्हा, सोडली तर मुंबईची नोटीस. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तसं; फक्त आडही सरकारी आणि विहीरही सरकारी. आमच्या सचिवांकडे, म्हणजे ढुमणे साहेबांकडे, दोन्ही कागद आले होते. साहेबांनी दोन्ही एकाच फाइलला लावले आणि मला फोनवर सांगितलं, "नेहमीसारखं चालू द्या."

नेहमीसारखं म्हणजे भरलेली गाडी दिसली की बांबू पाडायचा. ट्रक आला तेव्हा जंगूभाऊ हापशीवर पाणी आणायला गेले होते. मी धावत बाहेर गेले आणि दोर ओढला. मी ओढला, हे इथंच सांगून ठेवते.

"गुरुजी, मला वरून आदेश आहेत," मी म्हणाले.

"दाखवा."

"तोंडी आहेत."

"तोंडी!" गुरुजी हसले. चिडून नाही, कीव आल्यासारखे. "बाई, मी छत्तीस वर्षं नोकरी केली. तोंडी आदेशावर मी पोरांना शाळेबाहेर सहलीला नेलं नाही. तुम्ही देशाच्या कायद्याविरुद्ध गाडी अडवता? मी आत्ता पोलिसांना फोन करतो आणि एसडीओकडे तक्रार देतो. गाडी ज्यानं अडवली त्याचं नाव टाकतो. ती वही असते ना तुमची, अडवणुकीची? त्यातल्या नोंदीचा फोटो मला द्या."

ते बाहेर गेले. मी साहेबांना फोन लावला. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा उचलला.

"साहेब, कुचनकर गुरुजींची गाडी आहे. ते केंद्राचा कायदा दाखवतात. पोलीस बोलावतायत."

"सोडायची नाही."

"साहेब, तुम्ही एक ओळ लेखी दिली तर... व्हॉट्सअॅपवर दिली तरी चालेल."

मग साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "गुल्हाने मॅडम, तुमचे वडील अठ्ठावीस वर्षं त्या खुर्चीवर होते. त्यांनी मला कधी लेखी मागितलं नाही. तुमची फाइल माझ्याच टेबलावर आहे, माहीत आहे ना? गाडी सोडली तर हमाल यार्ड बंद पाडतील. त्यांना खबर लागली आहे, ते निघालेत तुमच्याकडे. आणि हे बघा, पोलिसांनी विचारलं तर मी जिल्ह्याला मीटिंगमध्ये आहे. नाक्याचा निर्णय नाक्यावरच होतो."

फोन ठेवला. मी अडवणुकीची वही उघडून समोर ठेवली.

मी जात्याच भित्री. लहानपणी शेजारची म्हैस सुटली तरी मी पलंगाखाली जायची. पण ती भीती वेगळी होती. म्हैस बांधली की ती संपायची. ही भीती चहूबाजूंनी येत होती आणि प्रत्येक बाजूला कुणीतरी शहाणा माणूस उभा होता, ज्याचं म्हणणं खरं होतं. गुरुजींचं खरं होतं. येणाऱ्या हमालांचंही खरं होतं. माल यार्डात आला नाही तर त्यांच्या पाठीवर पोतं येणार कुठून? खोटी पडणार होती ती एकटी मी.

तेवढ्यात जंगूभाऊ पाण्याची कळशी घेऊन आत आले. पंचावन्नचे असतील. कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, रोज सायकलनं यायचे. बोलणं कमी. वडिलांच्या वेळेपासून इथंच.

"मॅडम, लोकं येऊन राह्यले," ते म्हणाले. "दोन टेम्पो भरून. पहिलवान हाये संग."

पहिलवान म्हणजे हमालांचा म्होरक्या. मी खिडकीतून पाहिलं. पन्नासेक माणसं रस्त्यावर उतरत होती. इकडून गुरुजींच्या गावची पोरं चार-पाच मोटारसायकलींवर येऊन थडकली होती. मध्ये ट्रक. ट्रकपासून माझी खोली आठ पावलांवर.

"गाडी यार्डात घ्या!" पहिलवान ओरडला. "यार्डात उतरवा, यार्डात तोला!"

"कायदा वाच आधी!" कुणीतरी उलट ओरडलं.

"तुह्या कायद्यानं माह्या घरची चूल पेटते का रे? गुरुजी, तुमाले भाव भेटन, आमाले काय भेटन?"

"अरे बाबा, मी तुझ्याशी भांडायला आलो नाही," गुरुजींचा आवाज आला. मग बाकीच्या गलक्यात तो बुडाला.

पत्र्यावर पहिला दगड पडला तेव्हा मी किंचाळलेच. आवाज असा झाला की छप्पर खाली येतंय असं वाटलं. मी कडी लावली. जंगूभाऊ कोपऱ्यात उभे होते. ते शांत दिसत होते, आणि मला वाटलं, यांना काही कळतच नाहीये.

गुरुजी खिडकीशी आले. कपाळावर घाम, हातात मोबाइल. "बाई, पोलीस निघाले आहेत. मला नोंद दाखवा. नाव कुणाचं आहे त्यात?"

वही उघडी होती आणि नोंद झालीच नव्हती. आमच्या नाक्यावर एक जुनी रीत होती. जो बांबू पाडेल, त्याचंच नाव 'वाहन अडवणारा' या रकान्यात आणि त्याचीच सही त्यापुढे. साहजिकच वर्षानुवर्षं त्या रकान्यात एकच नाव होतं. पानापानावर जं. टेकाम, जं. टेकाम, जं. टेकाम. वडिलांनी त्यांना सही गिरवायला शिकवलं होतं, असं आमच्या घरी कौतुकानं सांगत. मी पण वाढले ती याच समजुतीत, की जंगूभाऊंना सहीपुरतंच लिहिता येतं.

मी पेन उचललं. गाडीचा नंबर लिहिला. मालाचं नाव लिहिलं. मग 'वाहन अडवणारा' हा रकाना आला.

मला आठवतं, माझं डोकं त्या वेळी अगदी थंड झालं. डोक्यात सगळं स्वच्छ होतं. नाव माझं पडलं तर गुन्हा माझ्यावर. गुन्हा पडला की कायम होणं गेलं. मग आई, घर, पुढचं सगळं. आणि रीत तर अशीच होती. रोज त्यांचंच नाव असतं. रोजच्यासारखंच तर लिहायचं होतं.

मी लिहिलं, जंगू भीमा टेकाम, चौकीदार.

"जंगूभाऊ, इथं सही करा," मी म्हणाले.

ते टेबलाजवळ आले. पेन हातात घेतलं. वहीवर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. बाहेर दुसरा दगड पडला, तिसरा पडला. मी म्हणाले, "लवकर करा हो!" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सही केली. जं. टेकाम. अक्षर नेहमीसारखंच, तिरकं.

मी वही खिडकीतून धरली. गुरुजींनी फोटो काढला. नाव वाचून ते थोडे थबकले. गाडी आली तेव्हा ते मोटारसायकलवर मागून येत होते. बांबू कुणी पाडला हे त्यांनी पाहिलं नव्हतं. ट्रकच्या ड्रायव्हरनं पाहिलं होतं, पण त्याला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

"टेकाम?" गुरुजी म्हणाले. "बरं."

तेवढ्यात बाहेरून एकदम वेगळीच आरोळी आली. "धूर! धूर!"

कापसाच्या गाडीभोवती पन्नास-साठ माणसं आणि त्यातल्या निम्म्यांच्या तोंडात बिड्या. कुणी फेकली ते कधीच कळलं नाही. ताडपत्रीच्या मागच्या कोपऱ्यातून काळा धूर निघत होता. कापसाची आग एकदम भडकत नाही. ती आधी आतल्या आत धुमसते आणि मग एका दमात सगळं घेऊन जाते. गाडी पेटली असती तर आठ पावलांवरची माझी खोली आधी गेली असती.

जंगूभाऊ कडी काढून बाहेर धावले. मी मात्र जागची हलले नाही. उघड्या दारातून मी बघत होते. भांडणारी माणसं मागे पळत होती, हमालही आणि गुरुजींची पोरंही, आणि एकटे जंगूभाऊ ट्रकच्या मागच्या फळीवर चढले होते. त्यांनी ताडपत्री सोडवली आणि धुमसणारा कापूस दोन्ही हातांनी उपसून रस्त्यावर फेकायला लागले. मग पहिलवानही चढला. खालून ड्रायव्हर फावड्यानं वाळू टाकत होता. पाच मिनिटं गेली असतील.

विझलं. जंगूभाऊ खाली उतरले तेव्हा त्यांचे तळहात लाल झाले होते आणि बोटांना काळा कापूस चिकटला होता.

मग पोलिसांची जीप आली.

फौजदार तरुण होता, घाईत होता. जमाव पांगवला, गुरुजींचं ऐकलं, त्यांच्या मोबाइलवरचा फोटो बघितला. मग माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"जंगू टेकाम कोण?"

"मी, साहेब."

"बांबू तू पाडलास?"

मी जंगूभाऊंपासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. आता ते नाही म्हणणार, असं मला वाटलं. नाही म्हटलं की फौजदार माझ्याकडे वळणार. मी देवाचं नाव घेत होते, आणि ते कशासाठी घेत होते हे सांगायची मला लाज वाटते.

"हो, साहेब," जंगूभाऊ म्हणाले.

"कोणाच्या हुकमानं?"

"नेहमी पाडतो, साहेब."

फौजदारानं मला काहीच विचारलं नाही. त्यानं वही ताब्यात घेतली, जंगूभाऊंना जीपमध्ये बसवलं. त्यांनी भाजलेले हात मांडीवर उताणे ठेवले होते. मी बांबू वर केला, ट्रक सुटला, गुरुजी त्याच्यामागून सीमेकडे गेले, हमाल टेम्पोत बसून परतले. रस्ता मोकळा होईपर्यंत अंधार पडला होता. मी खोलीला कुलूप लावलं आणि घरी गेले. आईनं विचारलं, आज उशीर का झाला? मी म्हणाले, गर्दी होती.

जंगूभाऊंवर गुन्हा लागला, वाट अडवल्याचा. बाजार समितीनं त्यांना निलंबित केलं. निलंबनाच्या पत्रात ढुमणे साहेबांनी लिहिलं, 'कार्यालयाचे कोणतेही निर्देश नसताना परस्पर कृती केली.' हे पत्र मीच टाइप केलं. दोन महिन्यांनी मी कायम झाले.

पुढच्या वर्षी दिल्लीनं कायदाच मागे घेतला. मुंबईवाले म्हणाले, आम्ही जिंकलो. पेपरात मोठे मथळे आले. ढुमणे साहेबांनी कार्यालयात पेढे वाटले आणि मीही एक खाल्ला. पण कायदा गेला तरी केस गेली नाही. केसला त्या कायद्याचं नावच नव्हतं. ती साधी वाट अडवल्याची केस होती आणि ती चार वर्षं चालली. तारखेला जंगूभाऊ सायकलनं तालुक्याला जात. मला कधी कधी रस्त्यात दिसत. मी मान खाली घालून स्कूटी पुढे काढायची. शेवटी गुरुजींनीच कोर्टात सांगितलं की माझी तक्रार नाही, आणि जंगूभाऊ सुटले. तोवर त्यांचं नोकरीचं वय संपलं होतं.

मी त्यांच्या पोडावर गेले ते फार उशिरा, तेही आई वारल्यावर. आई असेपर्यंत मी स्वतःला सांगत आले होते की हे सगळं तिच्यासाठी केलं. ती गेली आणि ती सबबही तिच्याबरोबर गेली.

ते अंगणात टोपली विणत होते. तळहातांवर जुने पांढुरके डाग होते. मला बघून उठले, खाट झटकली, सुनेला चहा सांगितला. "आईचं आयकलं मॅडम. वाईट झालं," म्हणाले.

चहा येईपर्यंतही मला धीर धरवला नाही.

"जंगूभाऊ, मी तुम्हाला एक सांगायला आले आहे. त्या दिवशी वहीत मी तुमचं नाव लिहिलं होतं. बांबू मी पाडला होता आणि नाव तुमचं लिहिलं. तुम्हाला ते माहीत नव्हतं. मी तुम्हाला फसवलं."

ते टोपलीची काडी दातानं तोडत होते. तोडून झाली, मग म्हणाले, "माहीत होतं नं."

"काय?"

"वाचलं होतं म्या. आश्रमशाळेत चौथीपर्यंत होतो. तुमच्या बाबाले वाटे, त्यायनं शिकवलं. म्या म्हटलं, वाटू द्या."

मग मला हलकं वाटायला लागलं, अगदी खरं सांगते, हलकं वाटलं. त्यांना माहीत होतं, तरीही त्यांनी सही केली. म्हणजे माझ्यासाठी केली. वडिलांची आठवण ठेवून केली. पोरीची नोकरी वाचावी म्हणून केली. ही गोष्ट मी स्वतःला किती वर्षं सांगू शकले असते!

"मग का केली सही?" मी विचारलं. डोळे भरून आले होते.

"भेव लागलं, मॅडम."

"तुम्हाला? तुम्ही तर पेटत्या गाडीवर चढलात!"

"आगीचं भेव नाई. आग दिसते." त्यांनी टोपली बाजूला ठेवली. "एकाधिकाराच्या टायमाले, सारा कापूस सरकारच घे तवा, असाच एक नाका होता. तवा म्या नाई म्हटलं होतं, बांबू म्या नाई पाडला, साहेबानं पाडला. खरंच सांगतलं होतं. पोलिसायनं साहेबाले विचारलं. साहेब म्हणे, हा खोटं बोलते. मंग तीन दिवस मारलं मले. त्या दिवशी वहीत माहं नाव पाह्यलं अन् मनात हेच आलं. नाई म्हटलं तं फौजदार तुमाले विचारन. अन् तुमी बी त्या साहेबावाणी..."

सून चहा घेऊन आली, दोघांच्या मध्ये ठेवून गेली.

मला म्हणायचं होतं, नाही हो, जंगूभाऊ, मी तसं म्हटलं नसतं. मला विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. ते माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत राग नव्हता. मी काय म्हणते याची ते खरोखरच वाट बघत होते, इतक्या वर्षांनी तरी कुणी खरं सांगेल म्हणून.

तसं म्हणणं हे आणखी एक खोटं झालं असतं. मी चहाचा कप उचलला.